बारा मार्चची ओळ

सोमवार, ३ नोव्हेंबर

ठमे,

एक घोर अन्याय झाला आहे आणि तो कुणाच्या तरी कानावर घालणं भाग आहे. ऑफिसने माझा ड्रॉवर काढून घेतला.

एकोणीस वर्षं माझ्या टेबलाला उजव्या हाताला एक ड्रॉवर होता. त्यात एक नेलकटर, दोन तुटके चष्मे, सर्दीच्या गोळ्या आणि एक किल्ली होती. किल्ली कशाची ते मलाही माहीत नव्हतं, पण स्वतःची किल्ली असलेल्या माणसाच्या चालण्यात एक वजन असतं. आता नवीन पद्धत अशी की कुणाचीच जागा ठरलेली नाही. सकाळी यायचं, रिकामं टेबल दिसेल तिथे बसायचं, संध्याकाळी सगळा संसार पिशवीत कोंबून निघायचं. आज मी सव्वानऊला पोचलो तर एकच टेबल उरलं होतं, झेरॉक्स मशीनच्या कुशीतलं. दिवसभर डाव्या कानात गरम वारा, उजव्या कानात एसीचा गार. अशा हवामानात बसून मी लोकांच्या सरासऱ्या काढल्या.

तक्रार घेऊन मॅडमकडे गेलो. मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख. तू ऑफिसातून गेल्यावर आल्या. माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहेत आणि मला 'दादा' म्हणतात. अख्खं ऑफिस म्हणतं. जिचा मूळ हक्क, ती तेवढी म्हणत नाही.

"मॅडम, मला बसायला जागा नाही."

"दादा, कुणालाच नाही. बघा किती समानता आहे."

चार वर्षांत तू माझा फोन उचलला नाहीस, म्हणून हे पत्र. पत्राचं बरं असतं. ते उचलावं लागत नाही, दाराखालून आत येतं आणि पडून राहतं. आपल्यात जे झालं त्यातलं यात काहीही नाही, तेव्हा बिनधास्त वाच.

आणखी एक बातमी, ड्रॉवरइतकी मोठी नाही. मी नोकरी सोडतोय. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची जागा मिळाली आहे. एक डिसेंबरला हजर व्हायचं. आईला सांगितलं तर म्हणाली, "मुलं ऐकतील का तुझं?" मी म्हटलं, "हजेरी सक्तीची आहे, आई." तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

दादा

गुरुवार, ६ नोव्हेंबर

ठमे,

सुटका दिसते तेवढी सोपी नाही.

ऑफिसात सगळ्यांना नवीन कॉम्प्युटर मिळाले. जुनी मशीनं येत्या शुक्रवारी, चौदा तारखेला, चार वाजता पुसून भंगारात जाणार. मी माझे त्रेसष्ट प्रोग्रॅम नव्या मशीनवर ठेवले आणि पहिला चालवला. लाल ओळ. दुसरा चालवला, लाल ओळ. त्रेसष्टच्या त्रेसष्ट प्रोग्रॅमांनी एकच वाक्य तोंडावर फेकलं: लायब्ररी असाइन केलेली नाही. मी हे काम सुरू केलं तेव्हा जी बालवाडीत होती ती पोरं मागे उभी राहून बघत होती.

तुला हे वाक्य समजावण्यात अर्थ नाही, तू ते माझ्याकडूनच शिकलीस. पण काल आईला समजावलं, ते लिहितो. ती शेंगा सोलत होती.

"औषधाची चाचणी झाली की त्या रुग्णांची माहिती वेगवेगळ्या फोल्डरांत ठेवतात, आई. प्रत्येक फोल्डरला एक आखूड नाव द्यायचं. 'रक्त' म्हटलं की रक्ततपासण्यांचा फोल्डर, 'गोळ्या' म्हटलं की कुणी किती गोळ्या घेतल्या तो. त्या नावालाच लायब्ररी म्हणायचं. प्रोग्रॅममध्ये नुसतं नाव लिहिलं की पुरतं. पण कुठलं नाव म्हणजे कुठला फोल्डर, हे सॉफ्टवेअरला आधी कुणीतरी सांगून ठेवावं लागतं. नाही सांगितलं तर ते हटून बसतं."

"म्हणजे फोल्डर हरवला?"

"छे. आहे तिथेच आहे. फक्त हाक मारली तर ओ देत नाही."

"का? हाक मारणाऱ्याचा राग आलाय?"

मी शेंगा सोलायला लागलो.

माझ्या जुन्या मशीनवर ही लाल ओळ कधीच आली नाही, त्याचं कारण साधं आहे. अशी एक्केचाळीस नावं मी एका छोट्या फाइलीत लिहून ठेवली होती, आणि माझं मशीन सुरू झालं की ती फाइल गुपचूप आपोआप चालायची. माझ्या मशीनवर, फक्त माझ्या. प्रोग्रॅममध्ये तिचा मागमूस नाही. दुसऱ्या कुणी तेच प्रोग्रॅम चालवायचे तर आपापल्या मशीनवर आपापली नावं मला विचारून लिहायची. पहिल्याच आठवड्यात सगळं एका सामाईक फाइलीत टाकता आलं असतं, दहा मिनिटांचं काम. पण कितीही साहेब बदलले तरी प्रत्येकाला शेवटी माझ्या टेबलापाशी येऊन उभं राहावं लागायचं, हे मला आवडायचं. त्यांना वाटायचं मी फार हुशार आहे. मलाही तसंच वाटायचं.

मॅडमनी आज काचेच्या खोलीत बोलावलं. त्या खोलीची खिडकी उघडत नाही. उघडते असं फक्त दिसतं.

"दादा, दुसऱ्या कुणाच्याही मशीनवर तुमचे सगळे प्रोग्रॅम चालले की त्याच दिवशी तुमचं रिलीव्हिंग लेटर देते."

"आणि नाही चालले तर?"

"तर काय, तुम्ही आहातच की!"

इतक्या मायेने मला आजवर कुणी कोंडलं नव्हतं.

दादा

मंगळवार, ११ नोव्हेंबर

ठमे,

आई तुझ्याशी दर रविवारी बाल्कनीचं दार लावून बोलते. मला ऐकू जाऊ नये म्हणून. या रविवारी आत येऊन ती म्हणाली, "पत्रं मिळाली म्हणे तिला."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, पहिल्यात पानभर ड्रॉवर आहे."

"आणि?"

"आणि काय, दुकानात गिऱ्हाईक आलं. एका बाईंना खालची ओळ दिसत नव्हती."

चष्म्याच्या दुकानात तू दिवसभर लोकांना पाटीवरची अक्षरं वाचायला लावतेस, हे मला आईकडूनच कळतं. तेव्हा मीही आता खालची ओळ वाचायचा प्रयत्न करतो. हे सगळं तुला माहीत आहे, पण ओळीने लिहिल्याशिवाय मला पुढचं लिहिता यायचं नाही.

आपल्या धंद्यात एकच तक्ता दोघांनी वेगवेगळा तयार करायचा असतो. एकाने बनवायचा, दुसऱ्याने त्याचं काम न बघता तोच पुन्हा बनवायचा, मग दोन्ही ताडून बघायचे. जुळले तर बरोबर. चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीत तू आमच्याकडे लागलीस आणि मार्चमध्ये त्या यकृताच्या तक्त्यावर आपली जोडी लागली. तू बनवणार, मी ताडणार. तुझ्या तक्त्यात दोनशे बारा रुग्ण निघाले, माझ्यात दोनशे एकोणीस. तुझं 'रक्त' जुन्या फोल्डरकडे बोट दाखवत होतं. ज्या सात जणांचे रिपोर्ट उशिरा आले होते ते त्यात नव्हतेच. आणि त्या सातांपैकी तिघांचं यकृत बिघडलेलं. तुझ्या तक्त्याप्रमाणे औषध निर्धोक होतं. कागद बाहेर जायच्या आदल्या दिवशी पकडलं गेलं.

मग ती मीटिंग. तेव्हाचे मोठे साहेब तुला म्हणाले, "जुना फोल्डर कसा काय वापरला?"

तू म्हणालीस, "मला हाच सांगितला होता."

"कुणी?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होतो. एक झाकण लागायला किती वेळ लागू शकतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. ते लागल्यावर मी बोललो.

"नवीन माणसाकडून होतं असं, साहेब."

मी तुझी बाजू घेत होतो, असं मी स्वतःला चार वर्षं सांगत आलो आहे. ऐकायला ते वाक्य तसं आहेही. पण त्याने साहेबांचा प्रश्न पुसला गेला. 'कुणी' हे पुन्हा कुणी विचारलं नाही. दोन दिवसांनी तुझ्या रिलीव्हिंगच्या पत्रावर 'गंभीर निष्काळजीपणा' असा शेरा आला, आणि त्या शेऱ्यानंतर या धंद्यात तुला कुणी दारातही उभं केलं नाही.

आजच्यापुरतं एवढंच. झेरॉक्सवाला टोनर बदलायला आलाय, मला उठावं लागतंय.

दादा

गुरुवार, १३ नोव्हेंबर

ठमे,

एक्केचाळीस नावं सामाईक फाइलीत टाकली. माझ्या शेजारी बसलेल्या, नाव माहीत नसलेल्या एका मुलीच्या मशीनवर चालवून पाहिली. त्रेसष्टच्या त्रेसष्ट प्रोग्रॅम हसत खेळत चालले. ती म्हणाली, "काका, एवढंच होतं?" एकोणीस वर्षांच्या दरबाराचा निकाल तीन शब्दांत लागला.

पण सुटका अजून नाही, कारण आता तपासनीस आले. आमच्या तपासनीसांना ऑफिसात हिरवी शाई म्हणतात, ते का ते तुझ्या लक्षात येईल. त्यांनी एक तक्ता पुढे सरकवला. प्रत्येक लायब्ररीची एक ओळ. नाव, फोल्डर, कधीपासून, कुणी बदललं. हा तक्ता भरून दिला की मॅडम सही करणार.

जुन्या मशीनवरची माझी ती फाइल उघडली. माझी खोड तुला माहीत आहे, मी प्रत्येक ओळीपुढे तारीख टाकतो. 'रक्त'च्या ओळीपुढे लिहिलंय: नवीन फोल्डर, १२ मार्च.

तू तक्ता केलास अठरा मार्चला.

म्हणजे जुना फोल्डर मी तुला जानेवारीत सांगितला, बारा मार्चला माझ्या फाइलीत मी तो बदलला आणि कुणालाही सांगितलं नाही. बाकी सगळे मलाच विचारून चालायचे, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. तुझ्या मशीनवर मात्र जानेवारीत लिहून घेतलेलं ते नाव तसंच होतं. तुझ्याकडे लाल ओळ आली असती तर तू वाचली असतीस. सॉफ्टवेअर न सापडणाऱ्या फोल्डरवर बोंब मारतं, चुकीच्या फोल्डरवर चूप बसतं.

मी हिरव्या शाईला सहज विचारलं, अगदी सहज, "फार जुनी नावं असतील, तारीख आठवत नसेल, तर?"

"आडवी रेघ मारा. चालतं."

"आणि तारीख लिहिली, आणि ती समजा एखाद्या जुन्या प्रकरणाला लागून निघाली?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग ते प्रकरण पुन्हा उघडतं. आणि प्रकरण चालू असेपर्यंत त्यातल्या माणसाला सोडता येत नाही. का हो?"

"नाही, सहज."

तेव्हा हिशेब असा. रेघ मारली, तर एक डिसेंबरला मी वर्गात उभा असेन आणि उद्या चार वाजता तारखेसकट ते मशीन पुसलं जाईल. तारीख लिहिली, तर कॉलेज गेलं, आणि मी इथेच. चाळीस ओळी भरून झाल्या आहेत. एक्केचाळिसावी कोरी आहे. पेन घेऊन बसलोय आणि तुलाच पत्र लिहितोय, हा निर्लज्जपणा माझ्या लक्षात आलेला आहे.

दादा

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

ठमे,

काल पत्र संपवून ऑफिसात जुन्या मशीनमधले निरोप उतरवून घेत होतो. चार वर्षांपूर्वीच्या मार्चपाशी हात थांबला. थांबणार हे मला माहीत होतं. इतकी पत्रं लिहिली, पण ही गोष्ट मी त्यांच्या आसपासही फिरकू दिली नाही.

१६ मार्च, सकाळी अकरा वाजून पाच मिनिटं. "दादा, रक्तचा फोल्डर तोच ना, जानेवारीत सांगितलास तो? हो की नाही एवढंच कळव."

मी तो वाचला होता. वाचलाच नव्हता असं मी मनाला पटवून ठेवलं होतं, पण न वाचलेले निरोप ठळक दिसतात आणि हा ठळक नाही.

उत्तर का दिलं नाही, याचं माझ्याकडे तयार उत्तर होतं. तक्ता बनवणाऱ्याने आणि ताडणाऱ्याने एकमेकांना विचारायचं नसतं, नियम आहे. पण तो नियम गणिताबद्दल आहे, फोल्डरच्या पत्त्याबद्दल नाही, आणि नवीन लोकांना हे दर वर्षी मीच शिकवतो. खरं कारण दोन दिवस आधी मी पाणी प्यायला गेलो तेव्हा कूलरपाशी ऐकलं होतं. "बहिणीला चिकटवलं, आता तिचे तक्तेपण हाच जुळवून देणार." मला दाखवून द्यायचं होतं की मी तसा नाही. तुझ्या कामात काहीतरी बारीकसं न जुळणारं निघावं आणि ते मी पकडावं, सगळ्यांदेखत, असं वाटलं. सात माणसं निघतील असं वाटलं नव्हतं. तरीही, निघाल्यावर मी तुझ्या टेबलाशी येऊन "बघ गं जरा" म्हणू शकलो असतो. सगळे तेच करतात, दहा मिनिटांत मिटतं. मी उठून चुकांच्या रजिस्टरमध्ये लिहिलं. अक्षर फार सुंदर आलंय.

पण तो निरोप तुझ्याकडेही होता. मीटिंगमध्ये फोन तुझ्या हातात होता. तू तो दाखवला असतास तर झाकण माझ्या हातातून खाली पडलं असतं. तू का दाखवला नाहीस, हे मला कधी कळलं नाही. म्हणून आज ऑफिसला निघताना आईला विचारलं.

"ती म्हणाली होती," आई म्हणाली, "की दादा आता बोलेल, मग बोलेल. म्हणून थांबली."

"म्हणजे तुला माहीत आहे? कधीपासून?"

"ती घरी रडत आली त्या दिवसापासून."

"चार वर्षं? आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?"

"मीपण थांबले." मग तिने माझा डबा पुढे सरकवला. "जा, उशीर होईल."

चार वर्षं त्या बाईने मला वाढलं, माझ्या विनोदांना हसली, माझी औषधं आठवणीने दिली, आणि रोज माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहिली. काचेची खोली परवडली गं.

तीन वाजून दहा मिनिटांनी मी एक्केचाळिसावी ओळ भरली. रक्त. कधीपासून: १२ मार्च. कुणी बदललं: मी. शेऱ्याच्या जागेत लिहिलं, 'कुणालाही कळवलं नाही. विचारलं असता उत्तर दिलं नाही.' सोबत तुझ्या निरोपाची प्रत जोडली.

हिरव्या शाईने ते दोनदा वाचलं. "हे तुम्हीच लिहिलंत?"

"अक्षर ओळखू येत नाही का?"

"तसं नाही हो. म्हणजे, आपणहून?"

चार वर्षं घेऊन केलेल्या गोष्टीला आपणहून म्हणतात की नाही, मला माहीत नाही. त्यांनी टोपण काढलं, ओळीखाली हिरवी रेघ ओढली आणि मॅडमना बोलावलं. मॅडमनी उभ्या उभ्याच वाचलं.

"दादा, रेघ मारली असतीत तरी चाललं असतं."

"माहीत आहे."

"आणि एक डिसेंबर?"

"तेही माहीत आहे."

त्या कागद घेऊन काचेच्या खोलीकडे निघून गेल्या. चार वाजता मशीनं न्यायला माणसं आली. मी माझं उचलून त्यांच्या ढकलगाडीवर ठेवलं.

दादा

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

ठमे,

कॉलेजने जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला दिली. कळवताना 'खेद' हा शब्द दोनदा वापरला, म्हणजे मनापासून असावा. प्रकरण उघडलं आहे. सहा महिने म्हणतात, म्हणजे वर्ष धर. माझे प्रोग्रॅम आता कुणाच्याही मशीनवर चालतात, मला विचारायला कुणी येत नाही. माझ्यावाचून कुणाचं अडू नये अशी वेळ एकोणीस वर्षांत प्रथमच आली आणि नेमका आता मला जाता येत नाही. सकाळी येतो, दिलेल्या तारखांना काचेच्या खोलीत बसतो, तेच प्रश्न, तीच उत्तरं. उरलेला वेळ झेरॉक्सची ऊब.

तुझ्या पत्रावरचा शेरा रद्द करण्याचा कागद निघाला आहे. चौकशी संपायची वाट न बघता तो आधी काढावा एवढं एकच मी मागितलं, आणि मॅडमनी ते केलं. त्यांना तुझा पत्ता हवा होता, तो मी दिला. कागद रजिस्टर्डने येईल. त्यावर सही लागते, तेव्हा दुपारी दुकानातून घरी ये, नाहीतर शेजारी सांगून ठेव. या धंद्यात परत यायचं की लोकांना अक्षरं वाचायला लावत राहायचं, ते तुझं तू ठरव. मला फोन करायची गरज नाही. आईला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं," आणि पंखा एकने वाढवला.

तुझ्या त्या निरोपाला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. नव्या मशीनवरून द्यायला गेलो, पण तुझा ऑफिसचा ई-मेल पत्ता चार वर्षांपूर्वीच बंद केलेला आहे, म्हणून इथे लिहितो.

नाही. तो नाही. जानेवारीत सांगितलेला जुना झाला. बारा मार्चपासून 'रक्त' म्हणजे त्याच्या खालचा, 'अंतिम' नावाचा फोल्डर. त्यात दोनशे एकोणीस रुग्ण आहेत. तो वापर.

दादा